कोठीतला कोपरेवाला

कुरोड्यांवर धूळ बसू नये म्हणून मी एका माणसाला धानाच्या कोठीत कोंडलं होतं. कोंडलं म्हणजे बाहेरून कडी घातली नाही, एवढं चांगलं मन तेव्हाही होतं माझं. पण "आत बस, दार लोटून घे आणि तुझी ती घर्रघर्र आतच कर," असं मीच सांगितलं, तेही कमरेवर हात ठेवून. कोठीला एक झरोका होता. त्यातून पांढरा धुरळा वाळवणाकडे यायला लागला, तेव्हा त्यात पोत्याचा बोळा मीच कोंबला. उन्हाळाभर तो माणूस आत दगड घासत राहिला. कुरोड्या मात्र त्या वर्षी फार सुरेख झाल्या. दुधासारख्या पांढऱ्या. नागपूरच्या नणंदेनं मागून मागून नेल्या.

तो माणूस आता नाही. छातीनं गेला.

तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची पोरगी होते. हसू नका. आजच्या माझ्या वयातून मागं वळून पाहिलं की ते परकरातलंच वय वाटतं, आणि अक्कलही त्याच बेताची होती. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, जवाहरनगरला कारखान्यात होते. सारा संसार सरकारी क्वार्टरात झाला. खिळा ठोकायचा तरी चोरीचा मामला. निवृत्त झाल्यावर आंधळगावात, यांच्या वडिलांच्या जागेवर, नवं घर बांधलं आणि मी सूड उगवल्यासारखी भिंती सजवायला निघाले. नणंदेच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या मागं दगडाची भिंत होती. क्लॅडिंग म्हणतात म्हणे त्याला. घरी आल्याबरोबर मी जाहीर केलं की मलाही दगडाची भिंत पाहिजे.

"आता?" हे म्हणाले. "जुन्या घराची गोट्याची भित पाडली तवा काहून नाही बोलली?"

त्यांना काय कळतं, असं मी तेव्हा मनात म्हटलं. मनातच नव्हे, तोंडानंही म्हटलं.

ठेकेदाराच्या माणसांनी हॉलची एक भिंत आणि ओसरीचे खांब दगडाच्या पातळ तुकड्यांनी मढवून दिले, आणि कोपरे उघडेच टाकून ते चालते झाले. आता हे क्लॅडिंगचं सोंग सरळ भिंतीवर चांगलं वठतं. पाहणाऱ्याला वाटतं, अख्खी भिंतच दगडाची आहे. पण कोपरा आला की पोल उघडी पडते. दगडाची बोटभर जाडी दिसते, त्यामागं सिमेंट दिसतं, आणि कळतं की ही नुसती कातडी आहे. मग कोणी त्या कोपऱ्यावर धातूची पट्टी ठोकतो. नाहीतर दोन्ही बाजूंच्या दगडांच्या कडा तिरप्या घासून अशा भिडवाव्या लागतात की सांधा दिसू नये.

"पट्टी लावून द्या," हे ठेकेदाराला म्हणाले.

"पट्टी अजिबात नको," मी म्हणाले. नणंदेकडे पट्टी होती ना.

"मंग एकोडीचा माणूस बलवा लागते," ठेकेदार म्हणाला. "कोपऱ्याचा माणूस येगळा हाये, काकू. त्याच्या मनात आलं का येईन तो. अन् काही बोलला तं मनावर नका घेऊ."

तो आला तो जुन्या मोपेडवर. ग्राइंडर दुपट्ट्यात गुंडाळून तान्ह्या लेकरासारखा पोटाशी बांधलेला. चाळिशीचा, उंच, काटकुळा, भुवया पांढऱ्याशुभ्र. भुवया काळ्याच होत्या हे मला पुढं कळलं. तोंड धुतलं की दिसायच्या. रामराम नाही, पाणी नाही. सरळ हॉलच्या कोपऱ्याशी गेला, डोळे मिटले आणि दगडाच्या कडेला गाल लावून उभा राहिला. मला वाटलं, ऊन लागलं याला. मी पाण्याचा गडवा घेऊन धावले.

"पसंती कोनाची हाये?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"माझी," मी ताठ होत म्हणाले.

"भित बरी हाये. पसंती बेकार हाये."

यांना आयुष्यात कोणाच्या बोलण्यानं एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी त्याच घडीला त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला. तेव्हापासून काम संपेपर्यंत त्याचा मुक्काम आमच्या ओसरीवरच पडला.

तो फक्त कोपरेच करायचा. खांबाचे, खिडकीच्या कडांचे, कोनाड्याचे. सरळ भिंतीला हात लावायला सांगितलं तर त्याचा अपमान व्हायचा. "सपाट भित कोनीबी करते. आंधळा करते." जेवायला बसला की आधी पोळीची कड गोल फिरवत खाणार आणि मधला भाग ताटात तसाच ठेवून उठणार. मी एकदा रागावले. "अन्नाचा असा अपमान करू नये," वगैरे ऐकवलं. तो म्हणाला, "मधातलं तं कोनीबी खाते, काकू." मग ते मधलं आमच्या गाईला जायचं. त्या उन्हाळ्यात गाय चांगली धष्टपुष्ट झाली आणि तो आणखी वाळला.

कोपरा जोडून झाला की त्याला रात्रभर कोणी शिवायचं नाही, असा त्याचा हुकूम. घरमालकाच्या वचनावर त्याचा भरवसा नव्हता. तो बोरीची काटेरी फांदी आणून हॉलमध्ये, माझ्या नव्या चकचकीत फरशीवर, कोपऱ्यासमोर आडवी टाकायचा. माझं एक पातळ त्यात फाटलं. मी बोंबलत गेले तर म्हणतो कसा, "म्हंजे काकू, तुमी कोपऱ्याले शिवाले चालल्या होत्या." चाललेच होते मी. बोट फिरवून पाहायचा मोह आवरत नव्हता.

त्याला स्वतःच्या बोटांनी मात्र काहीच कळत नव्हतं. "बोटं मेली माही," असं तो अभिमानानं सांगायचा, दुसरा एखादा मेडल दाखवील तसं. म्हणून खिशात बायकोच्या जुन्या नायलॉनच्या लुगड्याचा तुकडा ठेवायचा. तो कडेवरून वरून खाली ओढायचा. कुठं धागा अडकला तर पुन्हा घास. न अडकता तुकडा सर्रकन खाली आला की त्याच्या चेहऱ्यावर जे काही यायचं, ते पुढं तो बायकोशी बोलताना मी कधी पाहिलं नाही.

आणि पट्टीचा त्याला असा राग, की दुसऱ्याच्या घरी पट्टी दिसली तरी तो बेचैन व्हायचा. साकोलीला त्याच्या मेहुण्याच्या पोरीचं लग्न होतं. सभागृहाच्या मंचावर, नवरीच्या खुर्चीमागं, कोपऱ्यावर सोनेरी पट्टी मारलेली. हा पंगतीसाठी ठेवलेला चमचा घेऊन उठला आणि मंगलाष्टकं चालू असताना त्यानं ती पट्टी उचकटून काढली. का? "आत काय लपवून राह्यले ते पाहाचं होतं." सभागृहवाल्यांनी दंडाला धरून बाहेर काढलं. सासुरवाडीला जाणं-येणं बंद झालं. हा किस्सा तो आम्हाला पराक्रम म्हणून सांगायचा, शेवटी मान हलवत, "सिमेट होतं आत. निस्तं सिमेट."

काम करताना त्याची एक सवय होती. तिच्यावरून मी आधी हसायचे. ग्राइंडर दगडावर दोनदा फिरवायचा, थांबायचा, तोंड अगदी कडेजवळ न्यायचा आणि फू करून भुगा उडवायचा. लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी फुंकर. मग तिथंच, त्या उडालेल्या धुळीतच, श्वास घेऊन कड निरखायचा. पुन्हा ग्राइंडर, पुन्हा फुंकर. दिवसभर.

आमच्या यांचा जन्म कारखान्यात गेलेला. त्यांनी भंडाऱ्याहून नाकातोंडावर बांधायची जाड जाळी आणून दिली. यानं ती टोपीसारखी डोक्यावर घातली.

"अरे, तोंडाले बांध," हे म्हणाले.

"तोंड बांधलं तं फुकू कायनं, काकाजी? कानानं?"

"मंग पानी टाकून घास."

"पानी टाकलं का चिखल होते. कड दिसत नाही." आणि मग बोट वर करून, "धान कांडताना आपुन कोंडा खातोच ना? हा तं दगड होय. आत गेला तं मानूस मजबूतच होते."

तो हे इतक्या ठामपणे बोलला की मलाही पटलं. कोपऱ्यांतलं त्याला सगळं कळायचं, म्हणून बाकीचंही कळतंच असं तो धरून चालायचा. मलाही तसंच वाटायचं, माझ्याबद्दल. आमचं दोघांचं जमलं ते त्यामुळेच.

तो आधी अंगणात, निंबाखाली बसून दगड घासायचा. वारा वाहायचा, धूळ उडून जायची. पण उन्हाळा म्हणजे वाळवणाचे दिवस. मी गव्हाचा चीक काढून कुरोड्या घातल्या होत्या. माच्यांवर, म्हणजे खाटांवर, धुतलेली धोतरं अंथरून अंगणभर पसरलेल्या. ओल्या कुरोडीवर धूळ बसली की ती धुता येत नाही. तळली की दातांखाली करकरते. दुपारी पाहते तर कडेच्या माच्यावर बारीक राखाडी थर. मी असा काही आरडाओरडा केला की शेजारच्या घरातून लोक बाहेर आले. मग ते कोठीचं फर्मान.

तो उलट खूशच झाला. "आत बरं हाये. वारा नाही, भुगा उडत नाही, कड निवांत दिसते." ग्राइंडर उचलून गेला आत.

मधे एकदा त्याची बायको आली. कोणाच्या तरी लग्नाचं बोलावणं घेऊन एकोडीहून बस बदलत बदलत आलेली. ठेंगणी, काळीसावळी, धानाच्या रोवणीला जाणारी बाई. तिनं कोठीचं दार उघडलं. आतून पांढऱ्या धुळीचा लोट आला आणि त्यामागं हा, डोक्यापासून पायापर्यंत पिठात लोळल्यासारखा.

"हे कोन भूत बसवलं, बाप्पा, कोठीत!" ती हसत म्हणाली. मग हसणं थांबवून माझ्याकडे वळली. "काकू, दार उघडं ठेवत जा ना. आत जीव घाबरते."

"हो गं, ठेवते," मी म्हणाले.

तिला चहा दिला, कुरोड्यांची पुडी बांधून दिली, ती बसच्या दिशेनं वळली. ती वळताच मी जाऊन दार लोटलं.

एवढं करून काम संपवायचं ना? नाही. हॉलचा कोपरा असा उतरला होता की शेजारी चंद्राची कोर ठेवून पाहावी. मला हाव सुटली. ओसरीचे खांब झाले, मग देवघराचा कोनाडा, मग खिडक्यांच्या कडा. घरात कुठं कोपरा निघतो हे मी हुडकत फिरायचे. तो तर कोपऱ्याला नाही म्हणायला जन्मालाच आला नव्हता. गावातल्या बायका पाहायला येत. मी त्यांना हात लावू देत नसे. आज माझ्या नाती त्या भिंतीसमोर उभं राहून फोनमध्ये फोटो काढतात, आणि मी स्वयंपाकघरात निघून जाते.

दोन-तीन वर्षांनी तो आमच्या शेजाऱ्यांकडे कामाला आला. मोपेडवरून उतरला आणि तिथंच हँडलला धरून उभा राहिला. दम लागलेला. बोलताना दोन शब्दांमध्ये श्वास ओढावा लागत होता. मी त्याला पाहिलं आणि निदान केलं, टीबी. घरी होमिओपॅथीची पेटी असल्यानं मी स्वतःला अर्धी डॉक्टर समजत असे. उरलेली अर्धी डॉक्टरकी मी दवाखान्यांना सोडून दिली होती. मी त्याला दवाखान्यात पाठवलं. छातीचा फोटो निघाला, तिथंही टीबीच म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या. मी कोण खूश! त्याचा कप वेगळा काढला. अंडी खाऊ घातली, दूध पाजलं. गोळी चुकली तर फोनवर झापायचे. गावात सांगत फिरले की त्याचा जीव मी वाचवला.

आणि या सगळ्यात तो घासतच होता. गोळी खाऊन ग्राइंडर धरायचा. खोकला शांत झाला की फुंकर घालायचा. कपाळाला लावलेली ती जाळी धुऊन धुऊन विरली, खाली काही आली नाही. तू काय काम करतोस, हे त्याला दवाखान्यात कोणी विचारलं नव्हतं म्हणे. मला तर विचारायची गरजच नव्हती.

गोळ्यांचा कोर्स संपला आणि तो आणखी खंगला. मग नागपूरच्या एका डॉक्टरनं विचारलं. "कोपरे करतो," यानं सांगितलं. डॉक्टरला समजेना. बायकोनं सांगितलं, "दगड घासते, सायेब." मग डॉक्टरनं पेन खाली ठेवलं म्हणे. टीबी नव्हताच. दगडाची धूळ फुप्फुसात बसली होती, आणि ती एकदा बसली की तिला काढणारं औषध नाही.

हे मला त्यानंच सांगितलं. आमच्या ओसरीवर, खांबाजवळ बसून. खांबाला पाठ टेकवली नाही, कडेला धक्का लागेल म्हणून.

"डाक्टरनं फोटो दाखवला, काकू. आतून पूरी क्लॅडिंग झाली माही." श्वास ओढला. "फक्त कोपरे राह्यले."

आणि हसला. हसता हसता जो खोकला आला तो थांबेना. हे उठून त्याची पाठ चोळत राहिले. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि कोठीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत धानाची पोती होती. भिंतींना, वाशांना, झरोक्यातल्या त्या बोळ्याला, सगळीकडे ती बारीक धूळ अजून चिकटलेली होती. वर्षानुवर्षं मी ती कोठी झाडली होती आणि मला ती दिसली नव्हती.

"सोड आता हे काम," यांनी त्याला सांगितलं.

"सोडतो ना, काकाजी. लाखनीचा एक कोपरा राह्यला, तेवढा करतो."

लाखनीचा झाला. मग तुमसरचा निघाला.

शेवटचं पाहिलं ते एकोडीला, त्याच्या घरी. मातीचं घर, आत थंडगार. मी बसल्या बसल्या भिंती पाहिल्या आणि थक्क झाले. त्या घरात एकही धारदार कोपरा नव्हता. बायको हातानं सारवायची, तिच्या तळव्याच्या फिरण्यानं सगळे कोपरे गोल झाले होते. तो माच्यावर बसलेला. आडवं होता येत नव्हतं, श्वास लागायचा. पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, दिवस काय आणि रात्र काय, बसलेलाच. मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला दोरीसारख्या ताणायच्या.

"ओसरीचा... खांब... फुटला तं नाही?" त्यानं विचारलं.

फुटला होता. धानाची ट्रॉली वळवताना पहिल्याच खांबाची कड उडाली होती. "नाही रे," मी म्हणाले. "जसा तू केला तसाच आहे."

"खोटं बोलता," तो म्हणाला. बराच वेळ श्वास गोळा केला. "कोपरा हाये... तं फुटनारच."

मला वाटलं होतं, तो माझ्यावर रागावेल. मी तयारीनं गेले होते. पण त्याच्याजवळ रागवायला लागतो तेवढाही श्वास नव्हता. त्यानंतरचं मला कोणी वर्णन करून सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फक्त गेला म्हणून फोन आला.

तेरवीला गेलो. ठेकेदारांपैकी कोणी आलेलं दिसलं नाही. ज्यांच्या घरांचे कोपरे त्यानं केले त्यांपैकीही आम्हीच. त्याची बायको मला पाहून उठली, मला धरून बसवलं. मी रडले. "आमच्या कोठीत बसवलं गं मी त्याला," म्हणाले. ती म्हणाली, "तुमी काय कराल काकू, त्याचं कामच तसं होतं." तिच्या हातचा चहा घेऊन मी हलकी होऊन घरी आले.

पण ते हलकेपण आठवडाभरही टिकलं नाही. मग पुन्हा गेले. तांदूळ घेऊन, लुगडं घेऊन. भंडाऱ्याची बस, साकोलीची बस, तिथून एकोडी. प्रत्येक वेळी काहीतरी नवीन कबूल करायला असायचं. एकदा झरोक्याच्या बोळ्याचं सांगितलं. एकदा मीच खिडक्यांच्या कडा वाढवल्या ते सांगितलं. एकदा टीबीचं, वेगळ्या कपाचं. दर वेळी ती हातातलं काम टाकून यायची, चूल पेटवायची, माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "जाऊ द्या काकू." "तुमाले काय मालूम होतं, काकू." साठीच्या पुढची बाई मी, आणि त्या विधवेच्या हातून लेकरासारखी थोपटून घेत होते. गाडीत बसले की मला छान झोप लागायची.

शेवटचं उरलं होतं ते दाराचं. तू सांगून गेलीस आणि मी पाठोपाठ लोटून घेतलं, हे. ते सांगायला मी रोवणीच्या दिवसांत गेले. ती बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, होती. कोणी तरी हाक मारली, तशी गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेली वर आली. इतर बाया वाकून रोवतच होत्या, त्यांची ओळ पुढं सरकत होती आणि तिची जागा रिकामी राहत होती. मी बांधावर उभं राहून सांगितलं. सांगून झालं, आणि नेहमीसारखी तिच्या हाताची वाट पाहत थांबले.

हात आला नाही. ती चिखलाचे हात अंगापासून दूर धरून माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. मग आवाज न चढवता ती म्हणाली, "काकू, तुमी आता नका येत जाऊ. तुमी आल्या का मले तुमचीच समजूत काढा लागते. माहं रडनं तसंच राहून जाते."